कढईत दिसलेली मोरपंखी साडी

आमच्या शाळेच्या ग्रुपवर सगळ्यात आधी लाटणं आलं. दहावीला एका वर्गात असलेल्या आम्ही बायका, आता पन्नाशीला टेकलेल्या. कोणी जालन्यात, कोणी आष्टीला, एक केदारखेड्याला, एक पार पुण्याला. आधी नुसत्या सुप्रभातच्या फुलांनी ग्रुप भरून जायचा. मंग एके दिवशी आष्टीच्या मैत्रिणीनं, ती तिथं शाळेत शिकवते, आपल्या लाटण्याचा फोटो टाकला. मधोमध झिजलेलं, एका अंगाला चीर गेलेली. खाली लिहिलं होतं, 'लग्नातलं आहे, टाकवत न्हाई.' झालं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांची लाटणी ग्रुपवर येऊन पडली.

तिथून तो खेळच सुरू झाला. रोज एकीनं वस्तूचं नाव सांगायचं आणि बाकीच्यांनी आपल्या घरातली ती वस्तू दाखवायची. नवी आणून दाखवायची न्हाई, सजवायची न्हाई, आहे तशी. एक दिवस चहाची गाळणी, एक दिवस मिठाची बरणी, एक दिवस पायपुसणं. आमची एक मैत्रीण घरात उर्दू बोलते, तिनं टवके उडालेली तामचिनीची रकाबी, म्हणजे ताटली, टाकली तर तिच्यावर दिवसभर गप्पा चालल्या. तसली रकाबी प्रत्येकीच्या माहेरी होती आणि प्रत्येकीनं ती फेकून दिलेली होती.

मी आधी नाक मुरडलं. मी जालन्यात घरीच ब्लाऊज शिवते, साड्यांना फॉल-बिडिंग करते. लगीनसराईत मला जेवायला सवड नसते. लोकांची गाळणी बघून माझं काय भलं होणार, असं मी नवऱ्याला म्हणाले. आणि लगेच मोबाईल उघडून कोणाची गाळणी जास्त काळी आहे ते बघत बसले. खोटं कशाला बोलू, माझ्यापेक्षा काळी गाळणी दिसली की बरं वाटायचं. आणि बरोबर माझ्यासारखीच, दांडीला दोरा गुंडाळलेली गाळणी पुण्यातल्या मैत्रिणीच्या हातात दिसली तेव्हा तर फारच बरं वाटलं. का ते तेव्हा कळलं न्हाई.

माझी सगळ्यात जवळची मैत्रीण अंबडच्या पुढं अंकुशनगरला राहते. नवरा साखर कारखान्यात कामाला आहे, राहायला वसाहतीतलं दोन खोल्यांचं घर. त्यांना एकच पोरगी. नुकतंच कॉलेज झालेलं, बोलायला गोड, उंच आणि शिडशिडीत. ती श्रावणात तापानं गेली. सलाईन लावलं, जालन्याला आणलं, आणि बघता बघता गेली.

त्यानंतर माझी मैत्रीण घराबाहेर पडेनाशी झाली. कोणाच्या लग्नाला न्हाई, बारशाला न्हाई, शेजारच्या दारात सुद्धा न्हाई. फोन केला की बोलायची, पण बोलणं कुठं तरी दुसरीकडं लक्ष असल्यासारखं. मला एकाच गोष्टीची धास्ती होती. पोरगी तर गेली, आता हिचं डोकं ठिकाणावर राहतं का न्हाई. आमच्या गल्लीत एक बाई अशीच बसल्या बसल्या हातची गेली, ती मी डोळ्यांनी पाहिलीय. मला माझी मैत्रीण तशी जाऊ द्यायची नव्हती. म्हणून तिनं त्या ग्रुपवर जेव्हा पहिल्यांदा एक फोटो टाकला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. खेळाला मनातल्या मनात नमस्कार केला मी.

त्या दिवशीची वस्तू कढई होती. तिची कढई स्टीलची, आरशासारखी घासलेली. बाकीच्यांच्या कढया तळाला करपलेल्या, कडेला तेलाचे थर, आणि ही अशी लख्ख. बायका लागल्या लिहायला, 'कशानं घासतेस गं', 'आम्हाला पण शिकव'. तेवढ्यात केदारखेड्याच्या मैत्रिणीचा मेसेज आला, 'मागं कोण उभंय गं?' मी तो वाचला, आणि वाचेपर्यंत तिनं तो काढून टाकला. तिथं नुसती मेसेज डिलीट केल्याची ओळ राहिली.

मी फोटो बोटांनी मोठा केला. कढईच्या पोटात सगळं ताणून वाकडं दिसत होतं. मोबाईल धरलेला हात, त्याच्यामागं खिडकीचा उजेड, आणि त्याच्या पलीकडं आतल्या खोलीचं दार. दारात कोणी तरी उभं होतं. मोरपंखी साडी, तिचा जरीचा काठ उजेडात चमकलेला. खांदा होता, कोपर होतं. वरचा भाग कढईच्या काठापाशी कापला गेला होता, त्यामुळं तोंड दिसत नव्हतं.

साडी मी ओळखली. ओळखणारच, तिला फॉल मी लावला होता. पोरीच्या कॉलेजच्या निरोप समारंभाला घेतलेली ती साडी, ब्लाऊज पण माझ्याच हातचा. कोपरापर्यंत बाही, बाहीच्या कडेला बारीक सोनेरी पायपीन. ती पोरगी मापं द्यायला माझ्याकडं आल्ती तेव्हा सारखी हसत होती, टेप गुदगुल्या करतो म्हणून. मी तिला दटावलं होतं की नीट उभी राह, न्हाई तर बाही चुकल. फोटोत ती बाही बिलकुल चुकलेली नव्हती.

मी स्वतःला समजावलं. दारावर साडी वाळत टाकली असेल. पण साड्यांमध्येच माझा जन्म गेलाय, वाळत टाकलेल्या साडीला खांदा नसतो. मी मोबाईल पालथा ठेवला आणि मशीनवर बसले, तर सुईत दोरा जाईना.

केदारखेड्याच्या मैत्रिणीला फोन लावला. म्हणलं, "तू काय लिहिलंस आन काढलंस कशाला?"

ती म्हणाली, "बाई, भ्या वाटलं मला. एवढ्या मोठ्या दुःखात असलेली बाई, तिला असं कसं विचारावं? आन ते जे उभं होतं ते तू पाह्यलंस ना? आमच्याकडं एक देवऋषी आहे, त्याला घेऊन जाऊ आपण. पोरीचा जीव गुंतलाय तिथं."

मला राग आला. "देवऋषी तुझ्या घरी ने," म्हणलं, आणि फोन ठेवला. पण राग तिचा न्हाई, माझाच होता. कारण तिनं जे म्हणलं ते माझ्या मनात आधीच येऊन गेल्तं.

पुढच्या आठवड्यात तांब्याची पाळी आली. मैत्रिणीचा तांब्या पुन्हा तसाच लख्ख. तांब्याच्या गोल पोटात स्वयंपाकघर दिसत होतं, आणि ती आकृती आता दारात नव्हती. आत आल्ती. फ्रीजपाशी होती. साडी वेगळी होती, अबोली, पण ब्लाऊजची बाही तीच. मंग काही दिवसांनी पोळ्यांचा डबा आला, मोठा, गोल झाकणाचा. त्या झाकणात मैत्रीण खाली वाकून फोटो काढताना दिसत होती आणि ती आकृती थेट तिच्या खांद्यामागं होती. इतकी जवळ की हिनं मागं हात केला असता तर लागला असता. आणि याही वेळी गळ्याच्या वर काही दिसत नव्हतं. झाकणाची कडा तिथं नव्हती, भिंत होती. नुसती निळी भिंत.

बायकांनी काय लिहिलं? 'मस्त चमकतोय.' 'डबा कुठून घेतला?' 'तुझा हात लागला की भांड्याचं सोनं होतं.' मी अंगठा टाकला. दुसरं काय टाकणार? आमच्यात तसं न बोललेलं ठरलेलंच होतं की तिच्या दुखऱ्या जागी बोट लावायचं न्हाई. सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि सगळ्यांनी भांड्याचं कौतुक केलं. आपल्याकडं असंच असतं. मयताच्या घरी गेलं तरी आपण आधी पाऊसपाण्याचं बोलतो.

माझ्या घरात मला माझीच भांडी नकोशी झाली. पिठाच्या डब्यापाशी उभी राहिले की त्याच्या पोटात माझी सावली हलायची आणि मी मागं वळून बघायची. एक दिवस नवरा म्हणाला, "डबे भिंतीकडं तोंड करून का उभे केलेत? काय गुन्हा केला त्यांनी?" मी म्हणलं, "चिकट झालेत, घासायचेत." तो हसला आणि विसरून गेला. पण घासताना मी डोळे खाली ठेवून घासले. पन्नास वर्षांची बाई, दिवसाढवळ्या डब्याला भ्यायली.

तिला फोन केला. नेहमीसारखी बोलली. काय जेवलीस, मशीन कशी चाललीय, गुडघा दुखतो का. बोलता बोलता मध्येच मोबाईल तोंडापासून लांब गेला आणि ती हळूच कोणाला तरी म्हणाली, "थांब गं, आले." मी विचारलं, "कोण आलंय?" ती म्हणाली, "कोणी न्हाई." मी बोलायची वाट बघत असल्यासारखी गप्प बसली. मी काही तरी कारण सांगून फोन ठेवला.

मंग दाजींना लावला. दाजी म्हणजे तिचा नवरा, मी त्यांना पहिल्यापासून दाजी म्हणते. अबोल माणूस. म्हणाले, "सगळं बराबर आहे. जेवती, झोपती. काळजी करू नका." मी विचारलं, "दाजी, घरात राहायला कोणी आलंय का?" तिकडून आवाज येईना. मला वाटलं रेंज गेली. पण कारखान्याची घरघर ऐकू येत होती. खूप वेळानं म्हणाले, "न्हाई. कोण येणार?" आणि फोन कट झाला.

दाजींच्या त्या आवाजानं मी जास्त घाबरले. बायकोला भूतबाधा झाली तर माणूस कुरकुर करतो, कोणाला तरी सांगतो. हा माणूस स्वतःच घाबरलेला होता. सकाळी नवऱ्याला म्हणलं की भाकरी झाकून ठेवलीय, मी अंबडच्या पुढं जाऊन येते. शिवायला आलेले ब्लाऊज पडले तर पडू दे.

अंबडपर्यंत एसटी आणि पुढं रिक्षा. ऊस तोडणीचे दिवस, रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या, एकामागं एक, आणि हवेत मळीचा आंबट गोड वास, जवळ जाल तसा दाट होणारा. वसाहतीत मात्र दुपारी चिटपाखरू नव्हतं. सगळी घरं सारखी, सगळी दारं लावलेली, पुरुष पाळीवर आणि बाया आडव्या झालेल्या. तिच्या दारापुढं सडा होता, रांगोळी होती. मला ते बघून धीर येण्याऐवजी उलटंच झालं. कारण रांगोळी त्या पोरीच्या हातची असायची तशी होती, ठिपक्यांशिवाय, एका रेघेत काढलेली.

मैत्रिणीनं दार उघडलं. वाळली होती, पण केस विंचरलेले, कपडे नीटनेटके. मला बघून तिला नवल वाटलं न्हाई. "ये," म्हणाली. "इथं बस." आणि खुर्ची ओढून अशी ठेवली की माझं तोंड बरोबर स्वयंपाकघराच्या दाराकडं यावं.

मी बसले आणि समोर पाहिलं.

ती दारात उभी होती. भांड्यात न्हाई, खरोखर. मोरपंखी साडी, निऱ्या एकसारख्या, पदर पिन लावून खांद्यावर बसवलेला. कोपरापर्यंत बाही, सोनेरी पायपीन, बाहीतून बाहेर आलेले दोन हात, बोटं किंचित वळलेली. उंची त्या पोरीएवढी. आणि गळ्याच्या वर काही न्हाई. ब्लाऊजच्या गळ्यातून नुसता अंधार दिसत होता. घरात तिच्या पावडरचा वास येत होता, तो गुलाबी डब्यातल्या पावडरचा, मी तो ओळखते.

उठून पळावं असं वाटत होतं, पण उठता येत नव्हतं. आणि मैत्रीण दाराकडं बघतच नव्हती. ती माझ्याकडं बघत होती. माझ्या तोंडाकडं, पापणी न हलवता. ती कशाची तरी वाट बघत होती.

मी तोंड उघडलं आणि म्हणलं, "यंदा ऊन लवकरच लागायलं, न्हाई?"

तिचा चेहरा पडला. दिवा काढून घेतल्यावर खोली कशी होते, तसा झाला. "हो," म्हणाली, "लागायलं." आणि चहा टाकायला उठली. जाताना तिनं त्या उभ्या असलेल्या साडीच्या बाजूनं अंग चोरून वाट काढली, घरातल्या माणसाला धक्का लागू नये म्हणून आपण काढतो तशी.

तेव्हा मला माझाच संताप आला. एवढ्या लांबून ऊन लवकर लागतं हे सांगायला आल्ते का मी? मी बसल्या जागेवरून म्हणलं, "ए, इकडं बघ. ती साडी माझ्या हातची आहे. फॉल मी लावलाय. आन तो ब्लाऊज पण मीच शिवलाय. तो दारात कोणाच्या अंगात घातलास ते सांग आधी मला."

ती ओट्यापाशी थांबली. पाठमोरी होती. हळूच म्हणाली, "दिसती तुला?"

"दिसती म्हणजे? आंधळी का मी?"

तिनं ओटा दोन्ही हातांनी धरला आणि खाली मान घालून रडायला लागली. श्रावणात मी तिला रडताना पाहिलं होतं, ते रडणं वेगळं होतं. हे कोणी तरी धरून ठेवलेला हात सोडावा तसं होतं. मी तिच्यापाशी गेले, त्या साडीला अंग लागू न देता. हो, मी पण अंग चोरूनच गेले.

मंग तिनं सगळं सांगितलं. आमच्याकडं भाद्रपदात महालक्ष्म्या उभ्या करतात. पत्र्याच्या कोठ्या असतात, माणसाच्या उंचीच्या, त्यांना हात बसवलेले. त्यांना साडी नेसवायची, वरून मुखवटे बसवायचे, तीन दिवस घरात देवी नांदते, आणि मंग सगळं उतरवून माळ्यावर ठेवायचं. हिच्या घरी नेसवायचं काम पोरीचं असायचं, तिच्यासारख्या निऱ्या वसाहतीत कोणाला येत नव्हत्या. पोरगी श्रावणात गेली, त्या वर्षी महालक्ष्म्या बसणार नव्हत्याच. पण ते दिवस आले तशी हिला चैन पडेना. त्यात पोरीच्या साड्यांची पेटी समोर.

"तूच म्हणली होतीस मला," ती म्हणाली. "रेशमाची घडी मोडत राहावं, न्हाई तर घडीवर चिरते. मी घडी मोडली. मंग पसरून ठेवायला जागा न्हाई. म्हणून एक कोठी काढली माळ्यावरून. एकच, धाकटी. तिला नेसवली. नुसती वारं लागावं म्हणून. मुखवटा न्हाई बसवला. मुखवटा बसवला की ती देवी होती, आन मला देवी नको होती."

"आन जागा कोण बदलतं तिची?"

"मीच. दिवसभर एका जागी कशी उभी राहील?"

हे ती इतकं सहज बोलली की मी एक पाऊल मागं सरले. तिनं ते ओळखलं. "मी येडी न्हाई," म्हणाली. "पत्रा आहे ते मला माहितीय. मीच उचलती, मीच नेसवती. पण तुझे दाजी पहिल्या दिवशी पाळीवरून आले, दारात ही उभी. मला वाटलं ओरडतील, रडतील, काढ म्हणतील ते. तर काहीच न्हाई. बाजूनं गेले, जेवले, झोपले. दुसऱ्या दिवशी पण तेच. एवढे महिने झाले, या माणसानं तिच्याकडं एकदा मान वर करून पाह्यलं न्हाई. जसं तिथं काही न्हाईच. मंग माझंच डोकं फिरायला लागलं. मला वाटायला लागलं, कोठी माळ्यावरच आहे. मी हवेला साडी नेसवून राह्यले."

ती नाक पुसून म्हणाली, "तेवढ्यात तुमचा खेळ सुरू झाला. सगळ्याजणी घरातलं काय काय दाखवत होत्या. मी म्हणलं, आपण पण दाखवावी. पण सरळ फोटो कसा टाकू? तुम्ही म्हणला असता, गेली ही कामातून. म्हणून भांडी घासली. चांगली दोन-दोनदा राखेनं घासली. म्हणलं, भांड्यात आपोआप दिसंल. कोणी तरी विचारंल. एकीनं विचारलं पण. मी उत्तर लिहायला घेतलं, तर ते मिटवलं तिनं. मंग मी तिला अजून जवळ आणून उभी केली. तरी तुम्ही म्हणता, डबा मस्त आहे."

सगळा ग्रुप माझ्या डोळ्यांपुढून गेला. झिजलेली लाटणी, काळ्या गाळण्या, टवके गेलेली रकाबी. माझ्यासारखी गाळणी पुण्यात दिसली तेव्हा मला का बरं वाटलं होतं ते मला तिथं त्या ओट्यापाशी कळलं. वस्तू आपल्या घरात असते, आपण रोज हातात धरतो, तरी कोणी दुसऱ्यानं 'आहे गं, दिसती' म्हणल्याशिवाय ती पुरती आहे असं वाटत न्हाई. आम्ही हसत हसत विचारत होतो, आणि ही जीव मुठीत धरून विचारत होती. आणि आम्ही सगळ्या शहाण्या बायकांनी तिला उत्तर दिलं न्हाई.

बाहेर स्कूटर थांबली. पाळी सुटली होती. मैत्रिणीनं पटकन डोळे पुसले आणि मला म्हणाली, "आता बघ तू."

दाजी आत आले. मला बघून दचकले, मंग हसल्यासारखं केलं, "कधी आलात?" म्हणाले. पिशवी खुंटीला लावली, पाय धुतले. पाणी प्यायला माठाकडं निघाले, माठ स्वयंपाकघरात. मी बघत राहिले. दारापाशी येईपर्यंत ते सरळ चालत होते, आणि दार आलं तशी त्यांची मान खाली गेली, डोळे जमिनीला खिळले, आणि ते भिंतीला घासत आत गेले. माणसाला खरंच दिसत नसलं तर तो वाटेत जे आहे त्याला धडकतो. हे धडकले न्हाईत. पदराला सुद्धा त्यांचा शर्ट लागला न्हाई.

मी म्हणलं, "दाजी, दारात कोण उभं आहे?"

त्यांच्या हातातला पेला माठावर आपटला. ते वळले. तोंड पांढरं पडलेलं. त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मंग बायकोकडं, आणि दाराकडं पाहायचं टाळून मला म्हणाले, "तुम्हालाबी दिसती?"

मैत्रिणीनं वळून त्यांच्याकडं पाहिलं. मी पण.

"मला वाटलं मलाच दिसून राह्यली," ते म्हणाले. "भाद्रपदात पाळीवरून आलो, तर पोरगी दारात उभी. तिच्या साडीत. आन डोकं न्हाई तिला. ही चुलीपाशी कणीक मळून राह्यली, काहीच बोलंना. मला वाटलं, हिला न्हाई दिसत. हिला सांगितलं तर हीबी हातची जाईल. म्हणून गप्प राह्यलो. कधी दारात असती, कधी फ्रीजपाशी. एक दिवस माझ्या खाटंपाशी होती. मी डोळे मिटून पडून राह्यलो. बोलू कोणाला?"

मी मैत्रिणीकडं पाहिलं. ती पुढं झाली. तिनं नवऱ्याचा हात मनगटाला धरला आणि त्यांना दारापाशी ओढत नेलं. ते मागं खेचत होते, घाबरलेलं जनावर खेचतं तसे. तिनं सोडलं न्हाई. त्यांचा तळवा उघडून तिनं तो मोरपंखी खांद्यावर ठेवला आणि दाबून धरला.

"पत्रा आहे," ती म्हणाली. "महालक्ष्मीची कोठी आहे, अहो. मी ठेवलीय. हात लावून बघा, वाजवून बघा."

दाजींनी बोटाच्या पेरानं हळूच ठोकून पाहिलं. कोठी पोकळ वाजली. त्यांनी पुन्हा ठोकलं, आणि पुन्हा, जसं आतून कोणी उत्तर देईल. मंग त्यांचा हात तिथंच राहिला, आणि ते म्हणाले, "म्हणजे ती आल्तीच न्हाई."